भिंतीवरची माणसं, ताटातली माणसं

टेनेसीतून पूर्वेकडे जाणारा इंटरस्टेट 40 गावांच्या आत शिरत नाही. लेबनन, कुकव्हिल, क्रॉसव्हिल ही नावं हिरव्या पाट्यांवर येतात आणि मागे पडतात. गावं झाडांच्या पलीकडे आपापली नांदत असतात. पूर्वीच्या रस्त्यावर वाटेत वाण्याचं दुकान लागायचं. त्यात शेगडी पेटलेली असायची, खाऱ्या बिस्किटांचं पिंप असायचं आणि पिंपाभोवती बसून लोक पाऊसपाण्याचं बोलायचे. नवा हमरस्ता ते सगळं बाजूला टाकून गेला. 1969 साली लेबननमध्ये डॅन एव्हिन्स नावाच्या गृहस्थानं ते दुकानच हमरस्त्याच्या काठाशी आणून ठेवलं. तो शेल कंपनीचं पेट्रोल विकणारा; पेट्रोल खपावं म्हणून त्यानं पंपाला जोडून खानावळ आणि दुकान काढलं, आणि त्या पिंपावरूनच त्याला नाव दिलं, क्रॅकर बॅरल. पंप पुढं बंद झाले, खानावळ राहिली. आज देशभर तिच्या साडेसहाशेच्या आसपास शाखा आहेत. पोरंबाळं, म्हातारी माणसं गाडीत घालून सुट्टीला निघालेलं कुटुंब भूक लागली की तिची पाटी शोधतं.

माझी मुलगी नॅशव्हिलला असते. तिच्याबरोबर स्मोकी डोंगरांकडे निघालो तेव्हा कंबरलँड पठाराचा चढ लागण्याआधी आम्ही अशाच एका ठिकाणी थांबलो. पुढं लांब पडवी, पडवीत झुलत्या खुर्च्यांची रांग. जेवायला नंबर लागेपर्यंत माणसं तिथं झुलत बसतात. दारावर बैलांचं जू टांगलेलं. तिकडच्या जुवाला शिवळा नसतात, लाकूड वाफवून वाकवलेली कडी असतात. पण खांद्याशी झिजून गुळगुळीत झालेला भाग मात्र आपल्याकडच्यासारखाच. कुठल्यातरी बैलांनी खरोखर ओढलेलं ते जू होतं, हे हात न लावता कळलं.

आत भिंत म्हणून रिकामी दिसत नाही. करवती, घोड्यांचे लगाम, चुन्याचे डबे, औषधांच्या पत्र्याच्या जाहिराती आणि फोटो. आमच्या टेबलाच्या अगदी वर एक म्हातारी होती. गळ्यापर्यंत बंद काळा झगा, मांडीवर घडी घातलेले हात, बोटांचे सांधे फुगलेले. राबलेल्या बाईचे हात लपत नाहीत. नातवानं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, ही कुणाची आजी?"

याचं उत्तर कुणाकडेच नाही. लेबननमध्ये या कंपनीचं एक मोठं कोठार आहे आणि त्यात अशा जुन्या वस्तू नव्वद हजारांच्या घरात आहेत. नवी शाखा निघायची असली की हजाराच्या आसपास वस्तू निवडतात, कोणती कुठं लागेल हे तिथंच मांडून ठरवतात, मग ती मांडामांड नव्या भिंतींवर चढते. वस्तू खऱ्या आहेत. लिलावांतून, जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांकडून, मोडलेल्या घरांतून आलेल्या. फोटोही तसेच येतात, आणि घर मोडलं की सर्वांत आधी फोटोतल्या माणसाचं नाव हरवतं. ती बाई कुणाची तरी सासू असेल, कुणाची दाई असेल. आता ती सगळ्यांची आजी आहे, आणि मला हे वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं. जिला तिच्या घरात कुणी ठेवलं नाही तिच्या नजरेखाली रोज अनोळखी मुलं जेवतात, "ही कोण" म्हणून विचारतात. पुष्कळ आज्यांच्या नशिबी एवढंही नसतं.

अशा खानावळींना खोटं गाव म्हणून हिणवणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं आपल्या बोधचिन्हातून पिंपाला टेकून बसलेला म्हातारा काढून टाकला, तर एवढा गदारोळ झाला की काही दिवसांत त्याला परत आणावं लागलं. ज्यांचं गाव सुटलंय ती माणसं त्याची एखादी खूण घट्ट धरून ठेवतात. त्यात हसण्यासारखं काही नाही.

पण गाव खरं सापडतं ते ताटात.

आधी बिस्किटं आली. नाव बिस्किट, वस्तू म्हणजे तळहाताएवढा गरम, पापुद्रे सुटणारा पाव. त्याचं पीठ हिवाळी मऊ गव्हाचं असतं, त्यात चिकटपणा कमी. थंडगार मोहन पिठात नुसतं चुरायचं, मळायचं नाही; ताक घालायचं आणि हलक्या हातानं घड्या घालायच्या. ताकाचा आंबटपणा सोड्याला भेटला की बिस्किट फुगतं. जोरात मळलं की संपलं. ज्या दक्षिणेकडच्या बायका हे करायच्या त्यांच्या हाती बहुतेकदा असाच मऊ गहू होता, आणि त्याला साजेल अशी रीत त्यांनी बसवली. सोबतीला पांढरी ग्रेव्ही: तव्यात उरलेली चरबी, चमचाभर पीठ, दूध, भरपूर मिरपूड. घरात मांस थोडं आणि खाणारी तोंडं पुष्कळ असली की ते सगळ्यांना पुरवायचं कसं, हे ती ग्रेव्ही एका घासात सांगते.

मग ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्या. मका या मातीतला, आणि ही माती चेरोकी लोकांची. मका राखेच्या पाण्यात शिजवून साल काढायची, मग भरडायचा, ही रीत इथल्या मूळ माणसांची. 1838 साली सरकारी फौजेनं हजारो चेरोकींना या डोंगरांतून हाकलून मिसिसिपीपलीकडे नेलं. वाटेत थंडीनं, रोगानं हजारो मेले. माणसं गेली, कण्या राहिल्या. विदुराघरच्या कण्यांची गोष्ट ऐकत आपण मोठे झालो. त्या गोष्टीत निदान कण्या वाढणारा विदुर समोर होता.

भेंडी पाहून नातू हरखला. काप करून, मक्याचं पीठ लावून तळलेली, कुरकुरीत. भेंडी अमेरिकेत आली ती आफ्रिकेतून, गुलामांच्या व्यापाराबरोबर. सलगमचा पालाही होता, कडवट, मंद आचेवर तासन् तास शिजवलेला. (शाकाहारी माणसानं इथं विचारून घ्यावं, पाला आणि घेवड्याचे दाणे शिजताना डुकराच्या मांसाचा तुकडा टाकायची दक्षिणेत जुनी पद्धत आहे.) पाला गाळून उरलेलं हिरवं पाणी गरिबांच्या आणि गुलामांच्या झोपड्यांत कधी फेकलं गेलं नाही. मक्याच्या पावाचा तुकडा बुडवून ते खायचं. सगळं सत्त्व त्यात उतरलेलं असतं. हे ताट ज्यांनी घडवलं त्यांतल्या फार थोड्यांना कुणी कॅमेऱ्यापुढं बसवलं असेल.

आणि ज्यांनी हे अन्न रांधलं त्यांना शेजारी बसून ते खाता यावं म्हणून भांडावं लागलं. आम्ही सकाळी ज्या नॅशव्हिलहून निघालो तिथं 1960 च्या फेब्रुवारीत काळे विद्यार्थी दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन शांतपणे बसले. त्यांना मारलं, ओढून बाहेर काढलं, तुरुंगात घातलं. त्यांच्या जागी दुसरे येऊन बसले. एप्रिलमध्ये डायेन नॅश या विद्यार्थिनीनं भर लोकांत महापौरांना विचारलं की माणसाला त्याच्या रंगावरून वेगळं वागवणं चूक आहे, असं तुम्हाला वाटतं का, आणि महापौरांना हो म्हणावं लागलं. 10 मे रोजी काउंटर खुले झाले. 1964 साली अशा भेदभावाला मनाई करणारा कायदा देशभर झाला. तरी 2004 साली अमेरिकेच्या न्याय खात्यानं याच कंपनीवर दावा लावला की काळ्या गिऱ्हाइकांना वेगळं बसवलं जातं, ताटकळत ठेवलं जातं. कंपनीनं आरोप मान्य केले नाहीत, मात्र नोकरांना नव्यानं शिकवण्याची आणि बाहेरच्या तपासणीची अट स्वीकारून तडजोड केली. मी महाडजवळच्या गावातली. 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ती जागा मी लहानपणापासून पाहत आले आहे. कुणाच्या पंगतीला कोण बसणार, या प्रश्नापुढं मला कुठल्याही देशातलं जेवण नुसतं जेवण राहत नाही.

म्हणून त्या दुपारची ती मोठी खोली मी डोळे भरून पाहिली. आमच्या शेजारी काळ्या लोकांचं तीन पिढ्यांचं कुटुंब, डोकी लववून, हात धरून प्रार्थना म्हणून मग जेवायला लागलेलं. पलीकडे एकटा ट्रक ड्रायव्हर. एका टेबलावर दोन मुलं लाकडी त्रिकोणातल्या खुंट्या उड्या मारत काढण्याच्या खेळात बुडालेली. हा खेळ इथं टेबलावरच ठेवलेला असतो आणि शेवटी एकच खुंटी उरवायची असते. वाढणारी बाई सगळ्यांना "हनी" म्हणत होती, मलाही.

पैसे द्यायचा गल्ला दुकानात, काचेच्या बरण्यांतल्या गोळ्या आणि रजया यांच्यामधून वाट काढत जायचं. तिथं मुलीनं बिडाचा एक खोलगट तवा उचलला. लॉज कंपनीचा, टेनेसीतल्याच साउथ पिट्सबर्गचा. तिथं 1896 पासून हे ओतकाम चालतं.

"आई, यात घावन होतील?"

"न व्हायला काय झालं? तेल चोळून दोन-तीनदा चांगला तापव. पहिले चिकटले तरी धीर धर."

आमच्या मागं शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई उभ्या होत्या. भाषा कळत नव्हती, पण माझे हात कळले असावेत. "त्याला साबणात भिजत ठेवू नकोस, हनी," त्या मुलीला म्हणाल्या. मी मक्याच्या पावाचं विचारलं, तर रांग सोडून त्या बाजूला आल्या. चरबी घालून तवा आधी ओव्हनमध्ये तापवायचा, धूर येण्याच्या बेतात आला की बाहेर काढून त्यात पीठ ओतायचं. चर्र वाजलं नाही तर कडा कुरकुरीत होत नाहीत. ताक किती, असं मुलीनं विचारलं. त्यांनी हवेत ओतून दाखवलं. मुलगी फोनवर लिहून घेत होती, आणि त्यांची नात तिला सांगत होती की आमच्या घरी हे कुणीच कधी मोजलेलं नाही.