दगडाचं नाव

मुलीची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही, पण रडकं लिहू नकोस." तसा प्रयत्न करते.

गेल्या हिवाळ्यात पंधरा दिवस मी इंदूरला तिच्याकडे होते. एरवी बेळगावहून निघायचं म्हणजे पिशवीत आधी कुंद्याचा डबा जातो. जावईबापूंना आवडतो आणि विहीणबाई तर वाटच बघत असतात. या वेळी कुंदा घेतला नाही. मुलीला पाचवा महिना लागला होता आणि सगळं संपलं होतं. बॅगेच्या तळाशी मात्र अर्धवट शिवलेली कौदी होती. ती का घेतली, माझं मलाच सांगता येत नव्हतं. घरी ठेवून येववलं नाही, एवढंच.

पुण्याला गाडी बदलून इंदूरला पोचले. घर तसंच होतं. सकाळी पोहे-जिलेबी, विहीणबाईंचं ते गोड हिंदी मिसळलेलं मराठी, "ताई, चहा घेऊन घ्या ना." पण त्या गोष्टीबद्दल कोणी अक्षर काढत नव्हतं. बोललं जायचं ते आडून. कोणी फोनवर विचारायचं, पपई खाल्ली होती का? कोणी म्हणायचं, स्कूटर चालवायला नको होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की तिची काही चूक नाही. पण डॉक्टरांचं वाक्य एकदाच ऐकलेलं आणि बाकीची वाक्यं रोजची.

मुलगी शाळेत शिकवते. शहरातल्या एका सभागृहात नर्मदेच्या खोऱ्यातल्या जीवाश्मांचं प्रदर्शन भरलं होतं आणि दर रविवारी त्याला जोडून मुलांसाठी कार्यक्रम होते. आपल्या वर्गाला घेऊन येईन, असं तिनं दोन महिन्यांपूर्वी कबूल केलं होतं. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. ती म्हणाली, "नाही, मी जाते. तू पण चल." कसलं प्रदर्शन, हे मी विचारलंही नाही. दारात पोचल्यावर समोरच काचेखाली गोल गोल दगड दिसले आणि खाली पाटी, डायनासोरची अंडी. माझ्या पोटात गोळाच आला. मी तिच्याकडे पाहिलं. ती मुलांच्या रांगा लावत होती.

धारच्या पुढे बाग आणि कुक्षीच्या बाजूला ही अंडी सापडतात. २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद आहे. अंडी टायटॅनोसॉर नावाच्या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या प्रचंड जनावरांची. जनावर एवढं थोरलं, पण अंडं पंधरा-सतरा सेंटिमीटरचं, आपल्या नारळाएवढं. मगरीसारखा उथळ खड्डा करून त्यात ती अंडी घालायची आणि वरून माती ओढायची.

आवारात वाळूचे वाफे केले होते. मुलांनी ब्रशनं वाळू झाडत प्लॅस्टरची अंडी शोधायची, मोजायची, नकाशावर खुणा करायच्या. मुलांचा नुसता गलका चालला होता. तेवढ्यात एका चिमुरडीनं माझ्या मुलीचा पदर ओढला आणि विचारलं, "मॅडम, इनकी मम्मी कहाँ चली गई?"

मी जवळच उभी होते. पुढे होऊन काहीतरी बोलावं, विषय बदलावा, असं वाटलं. पण मुलगी खाली बसली आणि तिनं हिंदीत समजावून सांगितलं. घरटी इतकी जवळजवळ होती की एवढ्या मोठ्या आईला मध्ये उभं राहायला जागाच नव्हती. थांबली असती तर तिच्याच पायाखाली अंडी फुटली असती. तिनं जागा बघितली, खड्डा केला, माती घातली. तिला जेवढं करता येत होतं तेवढं तिनं केलं. मग काही ठिकाणी तळ्याचं पाणी चढलं असावं आणि ती अंडी चिखलात तशीच राहिली.

"तो मम्मी की गलती नहीं थी," पोरगी म्हणाली आणि पळाली. मुलगी बराच वेळ ब्रश हातात धरून तिथंच बसून राहिली.

दुपारी मोठ्यांसाठी व्याख्यान होतं. व्याख्यात्या बाई तरुण होत्या, बोलणं साधं. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आपल्या या भूमीला भेगा पडल्या आणि लाव्हा वाहू लागला. एकदाच नव्हे, थांबत थांबत, काही लाख वर्षं. थरावर थर चढले. त्याच सुमारास मेक्सिकोजवळ एक प्रचंड अशनी आदळला. डायनासोर संपले त्यात अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. ज्या मातीत ही अंडी होती तिच्यावर लाव्ह्यानं झाकण घातलं. ते झिजून गेलं तिथं अंडी पुन्हा उजेडात आली.

त्यांनी नकाशा दाखवला. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आजही तो काळा दगड आहे. वर माळवा, मध्ये बहुतेक महाराष्ट्र आणि खाली टोक कुठं, तर आपल्या बेळगावच्या आसपास! अजिंठा-वेरूळ कोरलं ते याच दगडात. मी नंतर त्यांना सांगितलं, मी बेळगावची. त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही एका कडेवरून दुसऱ्या कडेला आलात. दगड एकच."

मग त्यांनी एका अंड्याचं चित्र दाखवलं. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावाजवळ सापडलेलं, २०२२ मध्ये जाहीर झालेलं, अंड्याच्या आत अंडं. असं तोपर्यंत फक्त पक्ष्यांत पाहिलेलं होतं. तयार झालेलं अंडं बाहेर यायच्या ऐवजी आत मागे ढकललं जातं आणि पुढच्या अंड्याच्या कवचात गुंडाळलं जातं. श्रोत्यांतून कोणीतरी विचारलं, म्हणजे त्या मादीत काही दोष होता का? मी मुलीचा हात धरला. बाई म्हणाल्या, "दोष हा शब्द मी वापरणार नाही. शरीर कधीकधी असं वागतं. एका अंड्यावरून त्या आईबद्दल निकाल देता येत नाही."

मुलीनं हात सोडवून घेतला नाही.

शेवटी त्यांनी सांगितलं ती गोष्ट तुमच्यापैकी काहींनी २०२३ च्या डिसेंबरात पेपरात वाचली असेल. त्याच पाडल्याच्या परिसरात लोक शेतात सापडणारे असे गोल दगड पिढ्यान् पिढ्या काकड भैरव म्हणून पूजत होते. काकड म्हणजे शेत. भैरव शेताची, गुरांची राखण करतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहिलं तेव्हा कळलं की ही डायनासोरची अंडी आहेत. सभागृहात हशा पिकला. मला हसू आलं नाही. मला माझी अज्जी आठवली.

अज्जी, म्हणजे आईची आई, गोकाककडची. तिच्या शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला एक गोल दगड होता. अज्जी त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायची, घरच्या माणसाशी बोलावं तशी. दगडाला कन्नडमध्ये कल्लु म्हणतात, आणि आपल्या भागात कल्लाप्पा नसलेलं गाव नाही. मराठीत तेच दगडू, तेच धोंडीबा. काही घरांत हे नाव देवाचं म्हणून येतं, पण काही घरांत मुलं राहत नाहीत म्हणून येतं. दगड म्हटलं की यम वळून बघत नाही, अशी समजूत. माझ्या मामाचं नाव असंच ठेवलेलं. त्याच्या आधीची अज्जीची तीन मुलं गेली होती. एक आठ दिवसांचं होऊन, दोन जन्मायच्या आधीच. मग मामा झाला, मग आई.

पण अज्जीला कोणी विचारलं, मुलं किती, तर ती "ऐदु" म्हणायची. पाच. समोर दोन दिसत असताना पाच. लहानपणी मला वाटायचं, अज्जीला मोजता येत नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी हे मुलीला सांगितलं. आपल्याकडे जन्माला न आलेल्या बाळाचं काहीच नसतं. ना नाव, ना फोटो, ना वर्षाचा दिवस. लोक म्हणतात, विसर, पुढचं बघ. त्यांना वाईट म्हणवत नाही. मीही तेच म्हणाले होते फोनवर. ती भिंतीकडे बघत ऐकत होती. मग एकदम रडायला लागली, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्या तोंडून अज्जीचेच शब्द आले, "अळब्याडव्वा." रडू नको, बाई. आणि म्हणता म्हणता मीच थांबले. म्हटलं, नाही, रड. शेजारच्या खोलीतून विहीणबाई आल्या. मला वाटलं, आता त्याही पपईचं काढतात. त्या तिच्या पायथ्याशी बसल्या आणि म्हणाल्या, "माझं पण एक गेलं होतं, तुझ्या नवऱ्याच्या आधी. मी कोणाला सांगितलंच नाही कधी."

जावईबापूंनाही ठाऊक नव्हतं. ते दारात उभे होते.

पुढच्या रविवारी मुलांची बस मांडूला गेली, तिथलं डायनासोरचं संग्रहालय पाहायला. मुलगी बरोबर गेली. मी घरीच राहिले. ती संध्याकाळी परतली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "आई, तुझ्या बॅगेत कौदी आहे ना? मी पहिल्याच दिवशी बघितली होती."

मी आणली. माझ्या, अज्जीच्या आणि विहीणबाईंनी त्याच आठवड्यात दिलेल्या जुन्या पातळाचे थर. तिनं सुई मागितली. मी म्हटलं, तुला जमायचं नाही. ती म्हणाली, "तू रांग आखून दे."

तिनं दीड रांग घातली. टाके वाकडे आहेत, काही लांब, काही अगदी बारीक. उरलेली कौदी मी बेळगावला येऊन पुरी केली. तिचे टाके उसवले नाहीत.