खुणा जुळल्या का?

जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६२ मध्ये ‘१००४’ या मोटारीत क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना जोडणाऱ्या साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, बसवला. आवाज कमी झाला. खुणा चुकण्याची मेकॅनिकची धास्ती मात्र कायम राहिली.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक. म्हणून नवा बेल्ट चढवताना दोन्ही पुल्यांच्या खुणा जुळवायच्या, टेन्शनरने ताण द्यायचा. इथवर सगळेच करतात. खरा कारागीर लगेच स्टार्टर मारत नाही. पान्याने क्रँक इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवतो आणि खुणा पुन्हा पाहतो. मध्येच अडलं, तर जोर लावत नाही.

एक दाता चुकला तरी गाडी बहुधा सुरू होते (हेच फसवं!), पण ओढत नाही. जास्त चुकला, तर अनेक इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.