सव्वा टनाचा पाहुणा

'अप मिलिंग आणि डाऊन मिलिंग यात फरक काय?' हा प्रश्न व्हायवात ज्याला आला नाही असा मेकॅनिकलवाला आपल्या हॉस्टेलवर सापडणार नाही. उत्तरही सगळ्यांना तोंडपाठ. पण 'बॅकलॅश असेल तर डाऊन मिलिंग टाळावे' ही जर्नलमधली ओळ खरी कशी आहे, ते मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सास्तूरला, आमच्या तात्यांच्या शेडमध्ये कळलं.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. धाराशिव जिल्ह्यातल्या (तेव्हाचा उस्मानाबाद) लोहारा तालुक्यात आमचं गाव. घरामागं पत्र्याची शेड, त्यात एक लेथ, वेल्डिंग, ड्रिल आणि एक जुना व्हाईस. हा व्हाईस ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ढिगाऱ्यातून निघालेला. तात्या तेव्हा एकोणीस वर्षांचे. बाकीची हत्यारं गेली ती गेलीच. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागातली दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं ओझं असलेली माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, नव्या गावात जन्मलो.

तर मे महिन्यात तात्यांनी लातूर एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याच्या भंगारातून हॉरिझॉन्टल मिलिंग मशीन आणलं. किलोच्या भावानं. वजन सव्वा टन. पाटीवरचा रंग थिनरनं पुसल्यावर 'बटाला' एवढं वाचता आलं. नव्या गावाचे रस्ते रुंद आणि सरळ रेषेत आखलेले, म्हणून टेम्पो थेट शेडपर्यंत आला. जुन्या गावाच्या बोळातून बैलगाडी जाणं मुश्कील होतं म्हणे. पाईपचे रोलर, दोन पहारी, चेन पुली आणि शेजारची सहा पोरं, एवढ्या भांडवलावर ते आत गेलं.

काकू म्हणाल्या, "ह्या पैशात पोरीची फी भरली असती." तात्या गप्प. त्यांचा हिशेब वेगळा होता. सोयाबीनच्या दिवसात मळणी यंत्राचा शाफ्ट गेला तर नवा शाफ्ट लेथवर निघतो, पण चावीचा गाळा पाडायला तो लातूर नाहीतर सोलापूरला न्यावा लागतो. एक दिवस तरी मोडतो. तेवढ्यात पाऊस आला तर शेतातली गंजी काळी पडते. शिवाय गिऱ्हाईक एकदा शहराच्या वर्कशॉपला गेलं की परत आपल्याकडं कशाला येतंय? तात्यांचा मुलगा चाकणला नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "आणलंय त्या भावात विकून टाका, आता सगळं सीएनसीवर होतं." तात्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

आठ दिवस नुसती सफाई. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून डिझेल. नी वर-खाली हलेना. जुनं तेल वाळून डिंकासारखं झालेलं आणि त्यात बारीक कीस. तीन दिवस डिझेल मुरवलं, मग टेपर गिब (खाचेतली निमुळती पट्टी) लाकडाच्या ठोकळ्यानं अलगद ठोकून काढली, तेव्हा कुठं नी सुटली.

मग टेबल. स्क्रूचा पिच ५ मिमी, डायलवर १०० घरं, म्हणजे एक घर ०.०५ मिमी. चाक उलटं फिरवलं तर १६ घरं जाईपर्यंत टेबल ढिम्म हलेना. ०.८ मिमी बॅकलॅश! तात्या म्हणाले, "चाक धर घट्ट." आणि त्यांनी पहारीनं टेबल रेटलं. माझ्या हातात चाक स्थिर, आणि टेबल कटकन पुढं. डाऊन मिलिंगमध्ये कटर हेच करतो. जॉब आपल्याकडं ओढतो, टेबल एकदम सरकतं, दात एका दमात जास्त माल खातो आणि तुटतो, नाहीतर आर्बर वाकतो. अप मिलिंगमध्ये कटर टेबलाला मागं रेटत असतो, म्हणून ढिलाई एकाच बाजूला दबून राहते.

तात्यांनी लेथवर गनमेटलचा नवा नट काढला. तरी ढिलाई पूर्ण गेली नाही. कारण स्क्रू मधोमध जास्त झिजलेला. सगळी कामं टेबलाच्या मध्यावरच होतात ना! मध्यावर घट्ट करावं तर टोकाला जाम होतं. पाच घरांवर आलं तेव्हा तात्यांनी थांबायचं ठरवलं. माझ्या मते बरोबर केलं. नवा स्क्रू करून घ्यायचा तर मशीनपेक्षा स्क्रू महाग पडला असता.

मोटर दोन एचपीची, थ्री फेज, ४१५ व्होल्ट, स्टार. घरी सिंगल फेज. इथं इलेक्ट्रिकलचा रूममेट फोनवर कामाला आला. टर्मिनल बॉक्समध्ये सहाही टोकं बाहेर होती, त्यामुळं पट्ट्या बदलून डेल्टा केलं की प्रत्येक वाइंडिंगला तेच २४० व्होल्ट मिळतात, आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी लावता येतो. लावला. मशीन सुरू झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि आजी घरातून धावत अंगणात आली. पायात चप्पल नाही. "जमीन हलतीय रं!"

लेथची तिला सवय आहे. तो आवाज कानाला येतो, पायाला येत नाही. हे मशीन फरशीतून थेट तिच्या खोलीत घुमत होतं. आम्ही बंद केलं, समजावलं, तरी त्या रात्री ती अंगणातच बाज टाकून झोपली. दुसऱ्या दिवशीही. तात्यांनी मशीनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माय घरात झोपंना तर हे लोखंड विकलेलं बरं." ते खरंच विकतील असं मला वाटलं.

त्यांनी आधी कारण शोधलं. मोटरच्या पुलीचं भोक झिजून ती डुलत होती, आणि तीन बेल्टपैकी एक वेगळ्या लांबीचा. पुली नवी केली, बेल्ट एका मापाचे घातले. मग फरशी फोडली. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मशीन लेव्हलमध्ये राहत नाही. साडेतीन फुटांवर मुरूम लागला. तिथून काँक्रीटचा स्वतंत्र ठोकळा उचलला आणि त्याच्या चारही बाजूंनी दोन इंच फट ठेवून वाळू भरली, म्हणजे हादरा फरशीत जायला नको. एकवीस दिवस पाणी मारलं. माझी सुट्टी त्यातच संपत आली.

सुरू करायच्या दिवशी तात्यांनी आजीच्या खोलीत परात ठेवली, काठोकाठ पाणी भरून. आजीला समोर बसवलं. "माय, पाण्याकडं बघत बस. हललं तर हाक मार." मी शेडमध्ये स्टार्टर दाबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हाक नाही. जाऊन बघितलं तर आजी परातीत बोट बुडवून स्वतःच तरंग काढून बघत होती, फरक समजून घ्यायला. त्या रात्री ती आत झोपली. पण दाराची कडी लावली नाही; ती तर ती १९९३ पासून कधीच लावत नाही.

ऑक्टोबरात पहिलं खरं काम आलं. मळणी यंत्राचा ४० मिमीचा शाफ्ट, त्याला १२ बाय ८ ची चावी, म्हणजे शाफ्टमध्ये ५ मिमी खोल गाळा. तात्यांनी साईड अँड फेस कटर लावून तीन पासमध्ये पाडला. अर्थात अप मिलिंगनं. संध्याकाळी पाच वाजता आलेला शाफ्ट रात्री आठला परत यंत्रावर चढला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, त्यात गाळ्यापेक्षा तात्यांचा अंगठाच मोठा दिसत होता.

आता त्यांना कडबा कुट्टीचे पिनियन करायचेत. सोलापूरला जुना डिव्हायडिंग हेड बघून आलेत. परवा रात्री साडेदहाला, माझं सबमिशन चालू असताना, फोन: "तेवीस दातांना हँडल किती फिरवायचं रं?" चाळीस भागिले तेवीस. एक पूर्ण फेरा आणि तेवीस भोकांच्या वर्तुळावर सतरा भोकं. "लिहून घेतो," म्हणाले. मागून काकूंचा आवाज, "किती रुपयाला आहे ते आधी विचार त्यांना."