अक्षराचें नांव आणि अक्षराचा नाद

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत बाल सिद्धार्थ शाळेंत बसल्याचें एक चित्र आहे. रंग पुष्कळ उडाले आहेत. त्याच लेण्याच्या बाहेरील भिंतीवर वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा ब्राह्मी शिलालेख आहे. आमची देवनागरी याच ब्राह्मीच्या कुळांतली. आणि या कुळाचा मोठा गुण असा कीं, अक्षराचें नांव व त्याचा उच्चार यांत अंतर नाहीं. 'ग' म्हणावा आणि 'ग'च वाचावा. हें सुख सर्वच मुलांच्या वांट्यास येत नाहीं, असें तें चित्र पाहतांना आमच्या मनांत आलें, आणि आठवण झाली ती आमच्याच कोंकणांतील बेने इस्रायल मुलांची.

घरीं मराठी आणि प्रार्थनेस हिब्रू, अशी या यहुदी समाजाची रीत. जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें हिब्रू व्याकरणाचें पुस्तक मराठींत काढलें. १८७५ मध्यें हाईम सॅम्युएल केहिमकर आदि मंडळींनीं मुंबईस इस्रायली शाळा स्थापिली. तीच पुढें सर एली कदूरी यांच्या नांवानें चालूं लागली.

हिब्रू अक्षरें २२. पण 'गीमेल' घोकून 'ग्' हातीं लागत नाहीं, जसा 'सी-ए-टी' घोकून 'कॅट' लागत नाहीं. स्वर बहुधा अक्षराखालीं टिंबारेघांनीं दाखवितात. गीमेलाखालीं एक टिंब दिलें कीं 'गि'. आमच्या पंतोजींच्या 'ग ला पहिली वेलांटी गि' याचेंच हें भावंड! तेव्हां मुलास आधीं नाद द्यावा, नांव मागाहून, असें आमचें मत आहे. बाराखडी मराठी मुलाच्या कानांत बसलेलीच असते, तिचा लाभ घ्यावा. मात्र हिब्रू प्रार्थना देवनागरींत उतरवून त्याच्या हातीं देऊं नये. प्रार्थना लगेच म्हणतां येते खरी, पण डोळा हिब्रू अक्षरापर्यंत पोंचतच नाहीं.

नादाची वाटही एके ठिकाणीं संपते. प्रार्थनामंदिरांतील सेफेर-तोराच्या गुंडाळीवर स्वरचिन्हें नसतात. तेरा वर्षांचा मुलगा ती वाचावयास उभा राहतो, तेव्हां नुसत्या जोडणीनें भागत नाहीं. शब्द आधीं ठाऊक असावा लागतो. जुने मोडी दफ्तर चाळणाऱ्यांस ही अडचण निराळी सांगावयास नको. अर्थ न सांगतां केवळ घडाघडा वाचून घेणारा शिक्षक आम्हांस म्हणूनच अर्धा वाटतो.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबें इस्रायलला गेलीं. मुंबईच्या त्या शाळेंत आतां यहुदी मुलें अगदीं थोडीं. तिकडील नातवंडें बिनटिंबांचें हिब्रू वर्तमानपत्र सहज वाचतात. आजीची मराठी मात्र कानावरच राहिली. त्यांस 'ग' शिकवावयाचा तर आतां गीमेलापासूनच निघावें लागेल.