पेटी कुठली घ्यावी?

मुलीचं स्थळ पाहताना केली नव्हती एवढी चौकशी आम्ही खामगावात भजनी मंडळाच्या नव्या पेटीसाठी केली. जुनीचा भाता दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता.

तबलजी म्हणाले, "कलकत्त्याची घ्या न भाऊ! हातपेटीचं माहेर ते." टाळकरी म्हणाले, "लाकडाचं काय घेऊन बसलात? आतले सूर पालिताण्याचे पाहिजेत." तिसऱ्यानं दिल्लीची स्केलचेंजर सुचवली. तिच्या पट्ट्या सरकवल्या की सूर वर-खाली होतो, बोटं मात्र नेहमीच्याच जागी. तबलजी कुजबुजले, "आपल्या बुवांचा सूर न सरकवताही होतो."

कोषाध्यक्षांनी दाखला दिला, "आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला बंदी घातली होती. गाणं अडलं का?" हा सल्ला सर्वांत स्वस्त होता.

अखेर स्केलचेंजरच आली. वजनालाही भारी, किमतीलाही. खरं कारण कुणी बोललं नाही. बुवा ७८ वर्षांचे. जन्मभर काळी दोनमध्ये गायले. अजूनही गातो असं समजतात.

एकादशीला बुवांनी सवयीनं पेटीकडे पाहिलं. माझं बोट काळी दोनवरच होतं. पट्ट्या मात्र मी आधीच दोन घरं सरकवून सूर काळी एकवर उतरवला होता.

कित्येक वर्षांनी बुवांचा वरचा षड्ज लागला. ते खूश होऊन म्हणाले, "पाहिलंत? पेटी चांगली असली की गळा खुलतो!"

आम्ही सर्वांनी माना डोलावल्या, कोषाध्यक्षांनीसुद्धा.