चिंचवड ते चाकण : थंडीचे दिवस आणि चौकड्यांचा कोट

चिंचवड म्हटलें म्हणजे आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें पवनाकांठचें श्रीमोरया गोसावी यांचें समाधिमंदिर उभें राहतें. आणि चाकण म्हटलें म्हणजे ज्याच्या आश्रयानें फिरंगोजी नरसाळा १६६० सालीं शाएस्तेखानाच्या अफाट फौजेशीं जवळजवळ दोन महिने झुंजला, तो संग्रामदुर्गाचा भुईकोट आठवतो. या दोन गांवांच्या दरम्यान आज जो कारखान्यांचा विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे, त्याची ओळख मात्र बऱ्याच जणांस वर्तमानपत्रांतील आंकड्यांपलीकडे नसते. गेल्या पौषांत तो प्रदेश पाहण्याचा योग आम्हांस आला. आणि आश्चर्य असें कीं, त्याचें निमित्त झाला एक जुना कोट.

आमचे थोरले बंधु चिंचवडास राहतात. नोकरीचीं सर्व वर्षें त्यांनीं पिंपरीच्या एका कारखान्यांत घालविलीं. त्यांचे चिरंजीव चाकणच्या एका परदेशी कंपनींत इंजिनियर आहेत. आम्ही गेलों त्याच आठवड्यांत कंपनीकडे बाहेरदेशचे पाहुणे येणार होते व त्यांच्यापुढें आपल्या विभागाचें काम मांडण्याची जबाबदारी या मुलावर पडली होती. अंगांत ब्लेझर असावा, ही तेथली रीत. सदरे पुष्कळ होते, पण कोट नव्हता. तेव्हां दादांनीं न बोलतां कपाटावरची ट्रंक उतरविली व १९७८ सालीं स्वतःच्या लग्नांत शिवलेला कोट बाहेर काढला. तपकिरी लोंकरीवर बारीक चौकडा, त्यांत एक निळा धागा. कापड अजून दणकट होतें.

चिरंजीवांनीं तो अंगांत घातला. पोटाशीं बटण लागेना. आरशांत पाहून ते म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा. हा घालून गेलों तर मी नाटकांतला दिसेन कीं नाहीं?" आम्ही उत्तर देण्यापूर्वींच दादांनीं कोट काढून घेतला, बाह्या जुळवून घडी केली, आणि "नव्या दुकानांत पुष्कळ मिळतील," एवढेंच म्हणून ते आंतल्या खोलींत गेले. वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें. त्या घडीचा निकाल लावल्यावांचून पुण्यास परतावयाचें नाहीं, असें आम्हीं तेथेंच ठरविलें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे मुलाबरोबर आम्ही चाकणास निघालों. भोसरी मागें पडली, मोशी आली, आणि इंद्रायणीचा पूल ओलांडतांना धुकें इतकें दाट होतें कीं, पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत. रस्त्याच्या कडेस कंपन्यांच्या बसगाड्यांची वाट पाहत माणसें ओळीनें उभीं होतीं. कोणाच्या डोक्यास माकडटोपी, कोणाच्या गळ्याशीं मफलर, कोणी कारखान्याच्या करड्या गणवेशावर स्वेटर चढविलेला. चहाच्या टपरीवर पेला दोन्ही हातांनीं धरण्याची धडपड चालली होती. पौषांत या भागांत पहांटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, व त्याच दिवशीं दुपारीं तो तीस अंशांच्या आसपास जातो. विलायती पुस्तकांतील थंडी सकाळपासून रात्रीपर्यंत सारखी असते; आमची थंडी न्याहारीबरोबर येते व जेवणापूर्वीं निघून जाते. येथील पोषाखाचा सगळा विचार या एका गोष्टीपासून सुरू झाला पाहिजे.

हा औद्योगिक प्रदेश एकाएकीं उभा राहिलेला नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना स्थापन झाला. साठीच्या दशकांत आकुर्डीस बजाज आणि पिंपरीस टेल्को, म्हणजे आतांची टाटा मोटर्स, यांचे कारखाने आले. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. चाकण तोंवर मुख्यतः कांद्याच्या बाजारासाठींच ठाऊक होतें. फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे तेथील कारखाने २००९ सालीं सुरू झाले. कांद्याचा बाजार अजूनही भरतो. एकाच रस्त्यावर कांद्याच्या गोण्यांनीं लादलेला टेंपो आणि नव्या कोऱ्या मोटारी वाहणारा लांबलचक ट्रक एकामागून एक जातांना आम्हीं पाहिले.

मुलगा कामास गेला व आम्ही अभ्यागतांच्या दालनांत बसलों. काम नसलेल्या माणसास तेथें कोट पाहण्याची उत्तम सोय आहे. पहिले गृहस्थ आले ते तळहाताएवढ्या चौकड्यांचा कोट घालून. आंत रेघांचा सदरा, त्यावर फुलांचा टाय. प्रत्येक वस्तु सुरेख होती, परंतु एका बैठकींत तीन गवयांनीं तीन राग आळवावे तसें झालें होतें. दुसऱ्यांचा कोट तसा साधा, पण खांद्यावरून ओघळणारा. तो त्यांचा स्वतःचा वाटेना. तिसरे वयस्क गृहस्थ होते. करड्या रंगावर माशाच्या कांट्यासारखी वीण असलेला कोट, आंत पांढरा सदरा, त्यावर गर्द निळा बिनबाह्यांचा स्वेटर, खालीं कोळशाच्या रंगाची साधी विजार आणि पायांत तपकिरी बूट. डोळा प्रथम त्यांच्या चेहऱ्याकडे गेला, कोटाकडे नंतर.

थोड्या वेळानें कारखाना पाहावयास आलेल्यांना आंत नेण्यांत आलें. तेव्हां प्रत्येकानें कोट काढून खुंटीस लावला व टायही उतरविला. फिरत्या यंत्रांजवळ लोंबतें वस्त्र किंवा सैल बाही चालत नाहीं. तें जिवावर बेतूं शकतें. मोठ्या चौकड्यांचा कोट उतरल्यावर पहिल्या गृहस्थांचा रेघांचा सदरा पाठीवर चुरगळलेला दिसला. तिसऱ्या गृहस्थांचें मात्र कांहींच उणें झालें नाहीं. या प्रदेशांत कोट अंगांत जितका वेळ असतो तितकाच खुंटीवर असतो. म्हणून तो काढल्यावर जें उरतें तें नीटनेटकें असावें, हा पहिला धडा आम्हांस तेथें मिळाला.

चौकडा म्हणजे छचोरपणा, असा समज आमच्या घरांतून पूर्वीं होता. आमच्या आजोबांचा पोषाख म्हणजे बंद गळ्याचा लांब कोट, उपरणें व पगडी. त्यांत नक्षीस जागा असलीच तर उपरण्याच्या कांठापुरती. पण या कापडांचें मूळ पाहिलें तर तें मोठें कष्टाळू आहे. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील मेंढपाळ काळ्या-पांढऱ्या लोंकरीच्या बारीक चौकड्याचें पांघरूण वापरीत. आमचा धनगर मेंढीच्या अंगच्या काळ्या-पांढऱ्या रंगांवरच घोंगडी विणतो, त्यांतलाच हा प्रकार. ब्लेझर या नांवाचा उगम तर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांतील नावाड्यांच्या भडक लाल फ्लॅनेलच्या कोटांत आहे, असें बहुधा मानलें जातें. म्हणजे एक मेंढपाळाचें वस्त्र व दुसरें खेळाडूचें. दोन्ही थंडीसाठींच जन्मलीं.

तिसऱ्या दिवशीं आम्ही तो कोट पिशवींत घालून, दादांस न सांगतां, मुलासह पिंपरी कॅम्पांत गेलों. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेलीं कुटुंबें येथें वसलीं. सर्वस्व गमावून आलेल्या या लोकांनीं व्यापारावर पुन्हां घरें उभीं केलीं, आणि आज त्या बाजारांतील कापडाचीं दुकानें साऱ्या पंचक्रोशीस पुरतात. अशाच एका गल्लींत एका वृद्ध शिंप्यानें आमचा कोट हातांत घेतला. त्यानें प्रथम बाहेरून पाहिलेंच नाहीं. कोट उलटा केला, अस्तराची कड थोडी उसवली, शिवणींत बोट फिरविलें, आणि म्हणाला, "ज्यानें शिवला त्यानें माया चांगली सोडली आहे."

शिवणीच्या आंत पुढें उपयोगी पडावें म्हणून जें जादा कापड दुमडून ठेवतात, त्यास आमच्याकडे माया म्हणतात, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नकोच. दोन्ही कुशींस व पाठीच्या मधल्या शिवणींत मिळून कंबरेस सुमारें दोन इंच वाढ निघण्यासारखी होती. बाहीसही अर्धा इंच होता. मुलाचें मुख्य भय निराळें होतें : दुमडलेलें कापड नवें राहतें व बाहेरचें विटतें, तेव्हां जुन्या शिवणीची रेघ उमटून दिसेल. त्यावर शिंपी म्हणाला, "एकरंगी कोटाला दिसली असती. चौकड्यांत ती हरवते. आणि कुशीची शिवण हाताखालीं असते." खांदा मात्र त्यानें दोनदां तपासला. कंबर वाढवितां येते, बाही लांबवितां येते; पण खांदा व मुंढा चुकला तर कोट सोडून द्यावा, असें त्याचें मत. बापाचा व मुलाचा खांदा एकच निघाला.

तो टाके उसवीत असतां आम्हीं त्यास पुष्कळ विचारून घेतलें. नवा कोट घेणाऱ्यांस त्याचा उपयोग होईल म्हणून सारांश देतों.

आमच्या हवेस जाड ट्वीड नको. मीटरास अडीचशे ते तीनशे ग्रॅम भरणारी लोंकर पुरे, आणि अस्तर अर्धेंच असावें, म्हणजे दुपार सुसह्य होते. एका कोटास सुमारें दोन मीटर कापड लागतें; चौकडा असेल तर नक्षी जुळविण्यासाठीं थोडें अधिक घ्यावें. चांगली शिलाई ओळखावयाची तर तीन ठिकाणें पाहावीं : पाठीच्या मधल्या शिवणीवर रेघ तुटतां कामा नये, खिशाच्या झांकणावरील चौकडा अंगावरील चौकड्याशीं मिळाला पाहिजे, आणि समोरून पाहतां छातीवरची आडवी रेघ बाहीवर तशीच पुढें गेली पाहिजे. कचेरीसाठीं नक्षी बारीक असावी, चार पावलांवरून एकरंगी भासावी इतकी. मोठा चौकडा लग्नकार्यास किंवा सहलीस ठेवावा. स्थूल माणसानें रुंद चौकडा टाळून उभी रेघ किंवा माशाच्या कांट्याची वीण पत्करावी.

नक्षी एकदां कोटास दिली कीं बाकीच्यांनीं गप्प बसावें. विजार साधी, कोटांतल्याच एखाद्या गडद रंगाची; सदरा पांढरा किंवा फिकट निळा; टाय लोंकरीचा, एकरंगी. स्वेटर पातळ व बिनबाह्यांचा घ्यावा, नाहीं तर बाही मुंढ्यांत दाटते. चौकड्यांत जो बारीक रंगीत धागा असेल, त्याच रंगाचा मफलर किंवा स्वेटर घेतला तर सारा पोषाख आपोआप एकत्र येतो. सदऱ्याची बाही कोटाबाहेर अर्धा इंच दिसावी. खालचें बटण लावूं नये. बसतांना तर सगळींच सोडावीं.

घरच्या निगेविषयींही दोन शब्द. कोट वारंवार धुलाईस देऊं नये. ब्रशानें धूळ झाडून रुंद लांकडी खांद्यावर टांगावा. आज घातलेला कोट उद्यां विसांवूं द्यावा. हिंवाळा सरला कीं तो स्वच्छ करून, डांबराच्या गोळ्या पुरचुंडींत बांधून, ट्रंकेंत ठेवावा. कसर लागते ती मळलेल्या लोंकरीस आधीं. दादांचा कोट इतकीं वर्षें टिकला तो वहिनींच्या या नेमामुळें.

कोट दोन दिवसांनीं मिळाला. पाहुणे यावयाच्या दिवशीं पहांटे मुलगा तो घालून बाहेर आला : फिकट निळा सदरा, गर्द निळा स्वेटर, साधी करडी विजार. चौकड्यांतला निळा धागा, जो ट्रंकेंतून काढतांना आमच्या कोणाच्या विशेष ध्यानांत आला नव्हता, तो आतां जागा झाला होता. दादा वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं चष्मा वर सारून एकवार पाहिलें, उठून मुलाच्या पाठीशीं गेले, आणि मधल्या शिवणीवरून आंगठा फिरविला. "रेघ जुळली आहे," ते म्हणाले. मुलगा वांकून नमस्कार करून गेला.

संध्याकाळीं तो परतला तेव्हां कोट हातावर होता. काम ठीक झालें, असें त्यानें सांगितलें. दादांनीं त्याबद्दल कांहीं विचारलें नाहीं. ते म्हणाले, "दुपारीं उकडलें नाहीं ना?"

"आंत जातांना काढून ठेवला होता, बाबा. परततांना पुन्हां घातला."

वहिनींनीं कोट घेतला, ब्रशानें झाडला, आणि या वेळीं ट्रंकेंत न ठेवतां मुलाच्या कपाटांत टांगला. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें आम्ही पुण्यास परतलों.