खेळ बघायचाय, मग राहायचं कुठं?

मित्राच्या मुलाला एकदम दोन नोकऱ्या चालून आल्यात. एक पुण्यात, दुसरी कोल्हापुरात. पगारात फार फरक नाही. पोरगं खेळाचं वेडं. क्रिकेट, फुटबॉल, कबड्डी, जे चालू असेल ते बघणार. त्यानं मला फोन केला, "काका, मॅच बघायला कुठलं शहर चांगलं?" बापाला हा प्रश्नच पटला नाही. "घरभाडं बघ, पाणी बघ, कंपनी बघ. मॅच काय, मोबाइलवर पण दिसते," असं त्याचं म्हणणं. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. माणूस शाळेजवळ घर बघतो, बाजाराजवळ बघतो, मग मैदानाजवळ का बघू नये? त्याला फोनवर उत्तर दिलं, पण विषय मोठा आहे म्हणून इथं सविस्तर लिहितोय. जरा लांबेल. आणि यात आपल्या गावाचाही एक मुद्दा आहे, तेव्हा अर्ध्यात सोडू नका.

अमेरिकेत अशा याद्या दरवर्षी निघतात. खेळप्रेमींसाठी सर्वात चांगलं शहर कोणतं, म्हणून. किती संघ, किती विजेतेपदं, स्टेडियम केवढं, तिकीट केवढ्याला, असं सगळं मोजतात आणि नंबर देतात. पण तिथलीच दोन उदाहरणं बघा. ओकलंड नावाचं शहर आहे. तिथं बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल असे तिन्ही मोठे संघ होते. बास्केटबॉलवाले २०१९ ला खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोत गेले, फुटबॉलवाले २०२० ला लास व्हेगासला, आणि बेसबॉलवाल्यांनी २०२४ चा हंगाम संपल्यावर गाशा गुंडाळला. पाच-सहा वर्षांत शहर रिकामं. लोक तेच, वेड तेच. मालकांना दुसरीकडे बरं दिसलं, एवढंच.

दुसरं ग्रीन बे. लोकवस्ती एक लाखाच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या नगरपालिकेएवढी. तिथल्या 'पॅकर्स' संघाचं स्टेडियम ऐंशी हजारांच्या वर माणसं घेतं. संघाचे मालक कोण? पाच लाखांहून जास्त भागधारक, साधी माणसं. या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकताही येत नाही. भिंतीवर फ्रेम करून लावायचा, बस्स. पण त्यामुळे कुणी एक मालक उठला आणि संघ उचलून घेऊन गेला, असं होत नाही.

माझ्या लेखी शहर निवडायची पहिली कसोटी इथंच आहे. तुमचा संघ उद्या तुमच्या गावात असेल का?

आता पुणं घ्या. पुण्यात काय नाही? १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं बालेवाडीचं क्रीडा संकुल आहे, तिथंच २००८ ला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. गहुंज्याला आंतरराष्ट्रीय स्टेडियम आहे. सोयी बघितल्या तर पुणं वरच्या नंबरात. पण संघांचं बघा. पुणे वॉरियर्स २०११ ला आयपीएलमध्ये आले, २०१३ ला संपले. रायझिंग पुणे आले ते दोन हंगामांसाठीच. २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेनं हरले आणि तिथंच त्यांचा विषय संपला. फुटबॉलचा एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद पडला, त्याची जागा हैदराबादला गेली. चेन्नईहून आलेली महाराष्ट्र ओपन टेनिस स्पर्धा बालेवाडीत २०२३ पर्यंत झाली, मग तीही गेली. २०१८ ला तर कावेरीच्या वादामुळे चेन्नईचा आयपीएल संघच गहुंज्यात मुक्कामाला होता आणि पुण्याचं स्टेडियम पिवळंधमक दिसत होतं. भाड्याच्या घरात भाडेकरू बदलावेत तसं चाललंय. कबड्डीचा पुणेरी पलटण तेवढा टिकून आहे, मार्च २०२४ मध्ये विजेताही झाला. पण २०२५ च्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. म्हणजे पुण्याचा संघ पुणेकरांनी टीव्हीवर बघायचा.

आणि गहुंजे! द्रुतगती मार्गाच्या कडेला. स्वतःची गाडी नसेल तर मॅच सुटल्यावर घर गाठणं हीच एक स्पर्धा. याच पुण्यात स्वारगेटजवळ नेहरू स्टेडियम आहे. २९ फेब्रुवारी १९९६ ला वर्ल्ड कपमध्ये केनियानं वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं ते तिथं. बाजूला एसटी स्टँड, चालत जावं आणि चालत यावं. मैदान शहराबाहेर गेलं की आधी पायी जाणारा प्रेक्षक तुटतो. नागपुरातही तेच झालं. सिव्हिल लाइन्समधलं जुनं मैदान गावात, नवं जामठ्याचं वर्धा रोडवर पार बाहेर. नागपूरकर खेळात मागे आहेत असं कोण म्हणेल? विदर्भानं रणजी तीनदा जिंकलीय, तिसरी २०२५ मध्ये त्याच जामठ्यात केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर. पण दुपारी दोन तास मोकळे मिळाले म्हणून सायकलवर टांग टाकून रणजी बघून यावी, हे जामठ्यात जमत नाही. नाशिकला जमतं. तिथलं अनंत कान्हेरे मैदान भर गावात आहे.

मुंबईबद्दल काय बोलायचं! खेळ बघायला पैसेच लागू नयेत असं शहर कुठलं असेल तर ते मुंबई. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा, कुणी उठवणार नाही. आझाद मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालू असतात की एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा. याच मैदानावर १९८८ ला शाळेतल्या सचिन आणि कांबळीनं ६६४ धावांची भागी केली. १९४८ पासून कांगा लीग पावसाळ्यात खेळतात, ओल्या खेळपट्टीवर, आणि ती बघायला छत्री घेऊन उभी राहणारी मंडळी अजून आहेत. वानखेडे चर्चगेट स्टेशनपासून चालत. सगळं खरं. पण मैदानाजवळ राहायचं म्हटलं तर आपल्यासारख्यानं किती जन्म घ्यायचे? कामाला जाणारा माणूस बदलापूर-विरारला राहतो आणि त्याचा रविवार झोप भरून काढण्यात जातो.

तर त्या पोराला मी कोल्हापूर सांगितलं.

पत्रकारितेची पदविका करायला मी कोल्हापुरात होतो, तेव्हा खोली पेठेत होती. तोवर मला फुटबॉल म्हणजे टीव्हीवरचा वर्ल्ड कप. पहिल्याच आठवड्यात घरमालक आप्पांनी विचारलं, "कुठल्या तालमीचा रे तू?" मी म्हटलं, "आप्पा, मी कुस्ती नाही खेळत." ते असे हसले की काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. कोल्हापुरात फुटबॉलच्या संघाला तालीम म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेली पेठेची पोरं, त्यांनीच पुढं फुटबॉल धरला. नाव तालमीचंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा मला शाहू स्टेडियमवर घेऊन गेले. चालत. वाटेत किराणावाला, न्हावी, शाळेतले शिक्षक, सगळे त्याच दिशेनं. मैदानात उतरलेल्या अकरांपैकी निम्म्या पोरांना आप्पा नावानं ओळखत होते. "हा डावा बॅक आपल्या बोळातला. सकाळी दूध घालतो आपल्यात." त्या डाव्या बॅकनं चेंडू सोडला तेव्हा आप्पांनी त्याच्या घराण्याचा उद्धार केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच हातून दूध घेतलं. दोघंही गप्प. असं प्रेम आणि असा राग विकत घेतलेल्या संघावर कसा करणार?

नंतर बातमीसाठी कितीदा गेलो. हंगाम हिवाळ्यात सुरू होतो तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. आधी लीग, मग बाद फेरीच्या स्पर्धा. कामाच्या दिवशीसुद्धा दुपारी सामना असला की गॅलरी भरते. बाहेरचे खेळाडूही येतात, आफ्रिकेतली पोरंसुद्धा पेठांच्या जर्सीत खेळून गेलीत आणि पेठेनं त्यांनाही आपलं मानलं. पण संघ पेठेचा. तो विकायला काढणार कोण आणि नेणार कुठं? इथलाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. मोठ्यांच्या वर्ल्ड कपच्या वेळी तर या शहरात अर्जेंटिना आणि ब्राझील अशा दोन पेठा वाढतात, चौकाचौकात मेस्सी-नेमारचे कटआउट.

शिवाय खासबाग. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान. आखाडा मधोमध, प्रेक्षक चहूबाजूंनी चढत्या उतारावर. शेवटच्या माणसालाही पैलवानाचा पट दिसतो. शंभर वर्षांपूर्वी साध्या प्रेक्षकाला नीट दिसावं याचा विचार एका राजानं केला होता. आज कोट्यवधींच्या स्टेडियममध्ये स्वस्तातल्या तिकिटाला खांब आडवा येतो.

कोल्हापूरचं सगळं गोड आहे असं नाही. हुल्लडबाजी होते. सामन्यातली भांडणं पेठेत येतात, दगड पडतात, पोलीस केसेस होतात, स्पर्धा अर्ध्यात थांबवाव्या लागल्यात. मी स्वतः गॅलरीतून जीव मुठीत धरून खाली उतरलोय. बायका-मुलींना तिथं निवांत बसता यावं यासाठी अजून बरंच व्हायला पाहिजे. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत यांच्या गावात हे बोलावं लागतं, म्हणून जास्त टोचतं. हे सगळं मी त्या पोरालाही सांगितलं. तरी माझं मत तेच.

कुणी म्हणेल कोलकाता का नाही? जरूर. १८८९ चा मोहन बागान, १९२० चा ईस्ट बंगाल. २०२० ला मोहन बागान दुसऱ्या क्लबमध्ये विलीन झाला आणि त्या क्लबचं नाव पुढं लागलं. प्रेक्षकांनी तीन वर्षं बोंब मारली. २०२३ ला ते नाव काढावं लागलं. चिकट लोक पाहिजेत ते असे. पण नोकरी कोलकात्याची नव्हती.

आता आपल्या गावाचं. आपल्याकडं आंतरराष्ट्रीय स्टेडियम नाही, होणारही नाही, आणि कुणी आश्वासन दिलं तरी विश्वास ठेवू नका. पण आपल्याकडं एक मैदान आहे. स्टँडपासून सात मिनिटं चालत. तिथं कबड्डीची दोन मंडळं सराव करतात. सकाळी साडेपाचला खो-खोच्या मुली येतात, त्यातल्या काही सायकलनं चार-चार किलोमीटरवरून. भारतानं जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला वर्ल्ड कप जिंकला, पुरुषांनी आणि महिलांनीही. त्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. त्या दिवशी या मुलींनी मैदानातच पेढे वाटले होते, माझ्याकडं फोटो आहेत.

गेल्या वर्षभरात हे मैदान किती दिवस खेळायला मिळालं? मी माझ्या डायऱ्या काढून बसलो. दिवाळीआधी फटाक्यांचे स्टॉल. मग गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन, त्याची मुदत दोनदा वाढली. मग सभा, मग हेलिपॅडसाठी मुरूम टाकला तो तसाच राहिला. मग एक लग्न, ते कुणाच्या घरचं ते सगळ्यांना माहिती आहे. मांडवाचे खड्डे कुणी बुजवत नाही. एका पोराचा घोटा त्याच खड्ड्यात गेला. कबड्डीची स्पर्धा यंदा शेजारच्या गावात घ्यावी लागली. आपला संघ घरच्या मैदानाशिवाय खेळला आणि आपल्यातली मोजून पंधरा माणसं बघायला गेली.

आणि आता मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला व्यापारी गाळे काढायचा प्रस्ताव आलाय. "उत्पन्न वाढेल" म्हणतात. "उरलेलं मैदान पुरेसं आहे" म्हणतात. मी पट्टी लावून नकाशा मोजला. गाळे आणि त्यांच्यापुढचं पार्किंग गेलं की कबड्डीचं एक क्रीडांगण बसेल, पण खो-खोचं बसणार नाही. आणि प्रेक्षकांना उभं राहायला जागा शून्य.

प्रक्रिया माहिती असू द्या. विकास आराखड्यात ही जागा खेळाचं मैदान म्हणून आरक्षित आहे. तो वापर बदलायचा तर नगररचना कायद्याच्या, म्हणजे १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि त्यासाठी सूचनेपासून एक महिन्यापर्यंत मुदत असते. ठराव झाला म्हणजे संपलं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सूचना अजून निघालेली नाही. ती बहुतेक वेळा सणासुदीत, कुणी पेपर नीट वाचत नाही अशा दिवशी निघते, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. निघाली की त्याच दिवशी इथं टाकतो.

हरकत लेखी द्यायची, दोन प्रती करायच्या आणि एका प्रतीवर पोच घ्यायची. अर्जाचा नमुना मी तयार करून ठेवलाय. खो-खोच्या मुलींच्या पालकांपैकी अकरा जणांनी नेला. कबड्डीच्या दोन्ही मंडळांकडून अजून कुणी आलेलं नाही. अध्यक्षसाहेब दोघंही ही पोस्ट वाचतात, मला माहिती आहे. मी रोज संध्याकाळी सात ते नऊ ऑफिसात असतो.